किल्ली, परवाना आणि पेढीची पत

व्यापारी कुटुंबात कोणाच्या हाती काय द्यावे, याचे काही अलिखित नियम पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सुटीत पेढीवर बसतो, मालाची पारख शिकतो, गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत आत्मसात करतो. पण तिजोरीची किल्ली त्याच्या हाती जात नाही आणि पेढीच्या धनादेशावर त्याची सही चालत नाही. ही केवळ घरची रीत नव्हे, कायद्याचाही तोच दंडक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीशी करार होऊ शकत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे अज्ञान मुलगा भागीदार होऊ शकत नाही. सर्व भागीदारांच्या संमतीने त्याला फक्त फायद्यापुरते सामील करून घेता येते. बँकेत त्याच्या नावाने बचत खाते निघते, पण ओव्हरड्राफ्ट मिळत नाही. ज्याला नुकसान भरून देता येणार नाही, त्याच्या हाती नुकसान करण्याचे साधन देऊ नये, हा या सर्व नियमांमागचा साधा विचार आहे.

मोटारीच्या किल्लीपाशी मात्र हा विचार बाजूला पडतो. ज्या घरात पाच हजारांच्या धनादेशावर मुलाची सही चालत नाही, त्याच घरात पंधरा लाखांच्या मोटारीची किल्ली बैठकीतल्या खुंटीवर टांगलेली असते आणि शिकवणीला उशीर होत असल्याचे कारण सांगून तो ती सहज घेऊन जातो. संध्याकाळच्या नाकाबंदीत वाहतूक पोलीस गाडी अडवतात. काचा काळ्या, सायलेन्सर बदललेला, हॉर्न कर्णकर्कश आणि परवाना विचारला तर मुलगा खिशातून मोबाइल काढून वडिलांना फोन लावतो. वडील ओळखीच्या माणसाला फोन लावतात. प्रकरण बहुधा तिथेच मिटते आणि सर्वांना हायसे वाटते. या हायसे वाटण्यातच खरा धोका दडलेला आहे.

वय आणि परवाना

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ४ स्पष्ट आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. सोळा वर्षांनंतर ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवण्याची सवलत आहे, तीही परवाना काढल्यानंतर. बाजारात आज मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटरचे इंजिन १०० सीसीहून मोठे असते. त्यामुळे ‘सोळाव्या वर्षी स्कूटर चालते’ हा अनेक घरांतला समज व्यवहारात चुकीचा ठरतो.

दुसरा गैरसमज शिकाऊ परवान्याबाबत आहे. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. पण शिकाऊ परवाना म्हणजे एकट्याने मोटार नेण्याची मुभा नव्हे. शेजारी पक्का परवाना असलेली शिकवणारी व्यक्ती बसलेली हवी, गरज पडताच तिला गाडी थांबवता आली पाहिजे, आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर असले पाहिजे. मित्रांना घेऊन महामार्गावर जेवायला निघालेला शिकाऊ चालक कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालकापेक्षा फारसा वेगळा नाही.

‘सजावट’ आणि ‘बदल’ यांतील सीमारेषा

तरुणांची तक्रार अशी असते की, गाडी आमची, पैसे आमचे, मग पोलिसांनी का अडवावे? ही तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. हौसेने गाडी सजवणारा प्रत्येक मुलगा उनाड नसतो. यंत्राची समज, हातातले कसब आणि चार जणांत उठून दिसण्याची इच्छा यांतून ही आवड जन्म घेते. सीटचे कव्हर, आतली संगीतव्यवस्था, पायपुसणी यांना कोणी हरकत घेत नाही. रंगही बदलता येतो. त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येते, मात्र नोंदणी प्रमाणपत्रावर म्हणजे आरसीवर त्याची नोंद हवी. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी गाडीत फेरफार करण्याची तरतूदही कायद्यात आहे.

यापुढे मात्र रेषा आखलेली आहे. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा बदलल्या. आता कलम १८२-अ प्रमाणे अवैध बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द हिशेबात घेण्यासारखे आहेत. गाडी एक आणि बदल चार असतील, तर दंडही चौपट होतो.

नेहमी आढळणारे बदल पाहिले तर त्यामागील कारणे समजतात. सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाची नळी बसवली की आवाजाची व धुराची मर्यादा ओलांडली जाते. कलम १९० प्रमाणे यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडले, ही दृश्ये वर्तमानपत्रांतून सर्वांनी पाहिली आहेत. एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ प्रमाणे चालत नाहीत. काचांबाबत पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. त्यानंतर काचेसंबंधीच्या नियमात बदल झाले, तरी ७० आणि ५० टक्क्यांची ही मर्यादा कायम आहे.

गाडीच्या पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डवर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये आक्षेप घेऊन राज्यांना कारवाईस सांगितले. गार्डमुळे गाडीला संरक्षण मिळते असे वाटते. प्रत्यक्षात अपघातात आधी दबून धक्का शोषून घेण्यासाठी केलेली गाडीची पुढची रचना त्यामुळे निकामी ठरते, एअरबॅग वेळेवर न उघडण्याची भीती असते आणि समोर सापडलेल्या पादचाऱ्याची इजा वाढते. स्वतःच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी हजारो रुपये खर्चून बसवलेली वस्तू त्याचीच सुरक्षितता कमी करते.

वाहनांच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक तरतूद लक्षात घ्यावी. केंद्र सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला सुटा भाग ठरलेल्या मानकाप्रमाणे नसताना विकल्यास, विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘गिऱ्हाईक मागते म्हणून ठेवतो’ हा तेथे बचाव होत नाही.

चूक मुलाची, नाव मालकाचे

व्यापारी घरांत मोटार बहुधा चालवणाऱ्याच्या नावावर नसते. ती आजोबांच्या, वडिलांच्या, एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या किंवा पेढीच्या नावावर असते. करआकारणी, घसारा आणि कर्जाची सोय यांचा विचार करून हा निर्णय घेतलेला असतो आणि त्यात काही वावगे नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने या नावाला नवा अर्थ दिला.

या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ असे सांगते की, अल्पवयीन मुलाने मोटार वाहन कायद्याखालील गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जाईल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मुलाने गाडी पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण सर्व काळजी घेतली होती, हे मालकालाच सिद्ध करावे लागते. किल्ली खुंटीवर टांगलेली होती, ही गोष्ट काळजी घेतल्याचा पुरावा ठरणे कठीण.

मालकाचे नाव आणखी एका मार्गाने पुढे येते. आता पुष्कळ चलने कॅमेऱ्यावरून निघतात आणि त्याचा संदेश नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर जातो. पेढीची गाडी असेल तर तो मोबाइल अनेकदा मुनीमजींकडे असतो. मुनीमजी चलन भरतात, वाहनखर्चात रक्कम मांडतात आणि विषय संपतो. गाडी कोणी चालवली, वेग किती होता, हे वडिलांनाही कळत नाही आणि मुलाला तर मुळीच नाही. हिशेबाच्या दृष्टीनेही ही पद्धत सदोष आहे, कारण कायद्याने गुन्हा ठरलेल्या कृत्यापोटी भरलेला दंड व्यवसायाचा खर्च म्हणून वजावटीस पात्र ठरत नाही. लेखापरीक्षकाने तो वेगळा काढला नाही तर पुढे प्रश्न उद्भवतो.

कर्ज घेऊन घेतलेल्या गाडीचाही विचार व्हावा. बँकेच्या करारनाम्यात सामान्यतः अशी अट असते की, तारण असलेल्या वाहनात बँकेच्या संमतीवाचून फेरफार करू नये. हप्ते वेळेवर जात असताना बँक गाडी तपासायला येत नाही; पण अपघातानंतर विम्याचा दावा अडला की करारनाम्यातील प्रत्येक ओळ वाचली जाते.

विम्याचे गणित

विमा उतरवला आहे, मग काळजी कसली, असे अनेक सुशिक्षित माणसेही म्हणतात. येथे विम्याचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात. पहिला भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर हा दावा कंपनी नाकारू शकते. गाडीतील मोठा बदल कंपनीला कळवलेला नसेल आणि त्याचा अपघाताशी संबंध असेल, तर तेथेही दावा अडचणीत येतो.

दुसरा भाग तिऱ्हाइताच्या जिवाचा व शरीराचा आहे. हा विमा सक्तीचा असून मृत्यू वा इजेच्या बाबतीत त्याला रकमेची मर्यादा नाही. मात्र २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून अशी पद्धत रूढ झाली आहे की, परवान्याच्या अटीचा भंग मालकाच्या दोषामुळे झाला असेल, तर विमा कंपनी पीडिताच्या कुटुंबाला भरपाई देते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करते. पीडिताला न्याय मिळतो, तो योग्यच आहे. पण मालकाच्या दृष्टीने विमा असून नसल्यासारखा होतो.

ही रक्कम किती असू शकते? न्यायालयांनी भरपाईचे गणित बऱ्याच अंशी निश्चित केलेले आहे. समजा, चोवीस वर्षांचा अविवाहित तरुण अपघातात दगावला आणि स्वतःच्या व्यवसायातून तो दरमहा ५०,००० रुपये मिळवत होता. कराचा विचार तूर्त बाजूला ठेवला तर वार्षिक उत्पन्न ६ लाख रुपये. भावी वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवले की ८ लाख ४० हजार. अविवाहित असल्याने निम्मी रक्कम त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा होते. उरले ४ लाख २० हजार. या वयासाठी गुणक १८ आहे. गुणाकार ७५ लाख ६० हजार रुपये. अंत्यविधी व इतर बाबींची रक्कम आणि व्याज वेगळे.

मध्यम आकाराच्या एखाद्या पेढीचे खेळते भांडवल याहून फार मोठे नसते. एका संध्याकाळच्या हौसेपायी पेढी गहाण पडू शकते, हे सांगायला याहून स्पष्ट आकडा नाही. आणि ज्या घरातला चोवीस वर्षांचा मुलगा गेला, त्या घराचे नुकसान या गुणाकारात मावतच नाही.

कल्याणीनगरचा धडा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव परदेशी बनावटीच्या मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते, एक युवक आणि एक युवती, जागीच गतप्राण झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. तिची कायम नोंदणी झालेली नव्हती. त्यासाठीचे अवघे १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते, असे परिवहन विभागाने सांगितले. मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाल्यावर देशभर संतापाची लाट उसळली.

पुढे जे घडले ते प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुलाच्या वडिलांना अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना व मुलाच्या आईला अटक झाली. घरच्या चालकावर दोष स्वतःवर घेण्यासाठी दबाव आणून त्याला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून आजोबांनाही अटक झाली. हे सारे आरोप न्यायालयासमोर आहेत आणि त्यांचा निर्णय न्यायालयच करील. निर्णय काहीही लागो, एका रात्रीच्या घटनेनंतर एका घरातील तीन पिढ्या आरोपी म्हणून उभ्या राहिल्या, ही गोष्ट बदलत नाही.

एवढ्या मोठ्या अनर्थाची सुरुवात लहान सवलतींतून होत असते. प्रथम वयाची सवलत, मग कागदपत्रांची, मग वेळेची, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘बघून घेऊ’ हा विश्वास. नाक्यावर अडवलेल्या मुलाला ओळखीच्या फोनवर सोडवून आणणारा पिता त्याला नकळत हेच शिकवतो की, नियम मोडल्यावर नियमाकडे पाहायचे नसते, फोनकडे पाहायचे असते. नाक्यावर पाच-दहा हजारांचा दंड भरून सुटलेले प्रकरण हे सर्वांत स्वस्तात मिळालेले शिक्षण असते. फोनने तेच शिक्षण हिरावून घेतले जाते.

पोलिसांनी अडवल्यास

तरुणांची बाजूही येथे मांडली पाहिजे. गाडीच्या दिसण्यावरून वारंवार अडवले जाते, कागदपत्रे पूर्ण असूनही खोळंबा होतो, कधी पावतीविना पैसे मागितले जातात, अशा तक्रारी ऐकू येतात. त्यांवर उपाय ओळख हा नसून माहिती हा आहे. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर परवाना दाखवणे बंधनकारक आहे. परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अधिकृत ॲपमधील प्रती मूळ कागदपत्रांइतक्याच ग्राह्य आहेत. दंड भरल्यास चलन वा पावती घ्यावी. चलन मान्य नसल्यास जागेवर वाद न घालता ते न्यायालयासमोर नेण्याचा मार्ग खुला असतो. विनापरवाना चालक असेल तर गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना कायद्यानेच दिला आहे. तेथे हुज्जत घालून प्रकरण वाढवू नये. पूर्ण कागदपत्रे, निर्दोष गाडी आणि नम्र भाषा असलेल्या तरुणाला कोणाच्या फोनची गरज भासत नाही.

वेगाचीच आवड असेल तर तिलाही वाट आहे. कोइंबतूर येथील करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक येथे नियमबद्ध शर्यती व प्रशिक्षण चालते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खालचा गुन्हा आहे. ट्रॅकवर हेल्मेट घालून, वैद्यकीय पथक हजर असताना तीच आवड खेळ ठरते. मुलाची आवड मोडून काढण्यापेक्षा तिला योग्य जागा दाखवणे अधिक शहाणपणाचे.

घरात करण्याजोगे

वाहनाच्या किल्लीचाही तिजोरीच्या किल्लीसारखा बंदोबस्त ठेवावा. ती कोणाकडे आहे, हे घरातील एका व्यक्तीला ठाऊक असावे. घरच्या चालकाला आणि पेढीवरच्या नोकरांना स्पष्ट सांगावे की, अठरा वर्षांखालील मुलाने मागितली तरी किल्ली द्यायची नाही आणि नकार दिल्याबद्दल त्यांना कोणी बोल लावणार नाही. मालकाच्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ नोकराला मालकानेच द्यावे लागते. चलनाचे संदेश मुनीमजींपाशी न थांबता गाडी चालवणाऱ्यापर्यंत पोहोचावेत आणि दंडाची रक्कम त्याच्या खर्चाच्या पैशांतून वळती व्हावी. वर्षातून एकदा, विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी, आरसीवरील तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ घालून पाहावा, जसा दिवाळीपूर्वी वही आणि गोदामातील माल यांचा मेळ घातला जातो.

मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली की शिकाऊ परवाना, रीतसर प्रशिक्षण आणि चाचणी हा क्रम दलालाविना पूर्ण होऊ द्यावा. स्वतः रांगेत उभे राहून, चाचणी देऊन मिळवलेल्या परवान्याचे मोल वेगळे असते. पहिल्या वर्षी रात्रीचा प्रवास आणि महामार्ग शेजारी अनुभवी माणूस असतानाच करावा.

व्यापारात पत म्हणजे काय, हे या कुटुंबांतील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. शब्द दिला की पाळला जातो, हुंडी आली की वटवली जाते, देणे वेळेवर चुकते होते, हे ती लहानपणापासून पाहत असतात. आरसीवर छापलेले नाव हीसुद्धा एक सहीच आहे. त्या सहीने कुटुंबाने रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या जिवाची हमी घेतलेली असते. ती हमी पेलण्याची तयारी मुलात आली आहे, याची खात्री पटेल तेव्हाच गाडीची किल्ली त्याच्या हाती द्यावी.